टेलरला सांगा, माया जास्त ठेवा

गेल्या वर्षी पुतणीच्या साखरपुड्याला साडी नेसायची म्हणून दोन वर्षांपूर्वी शिवलेला ब्लाऊज काढला तर हूकच लागेना. वजन वाढलंय हे मान्य, पण फार नाही हो, बोटभर. नाशिकच्या मेन रोडच्या मागच्या गल्लीत आमचे टेलरकाका बसतात, त्यांच्याकडे घेऊन गेले, त्यांनी ब्लाऊज उलटा केला, बाजूची शिवण चाचपली आणि म्हणाले, "ताई, यात मायाच नाही, सोडू काय?" तो दुसरीकडे शिवला होता, तिथे कापड वाचवायला की घाईत कोण जाणे, शिवणीच्या आत जेमतेम पाव इंच कापड. मग सासूबाईंनी ट्रंकेतून त्यांचा एक ब्लाऊज काढून दिला, १९८६ सालचा, त्यांच्या पहिल्या मंगळागौरीचा. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंच माया! काकांनी एक टीप उसवली, दुसरी मारली, वीस मिनिटांत मी मोकळी. जवळजवळ चाळीस वर्षांचा ब्लाऊज मी साखरपुड्यात मिरवला आणि दोन वर्षांचा गेला चिंध्यांत.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात ना, त्याला माया म्हणतात. हल्ली सस्टेनेबल फॅशन, म्हणजे टिकाऊ आणि निसर्गाला कमी त्रास देणारे कपडे, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बांबूचं कापड, ढगळ लिननचे महाग कुर्ते आणि ब्राऊन पेपरची पिशवी येते. मला विचाराल तर सुरुवात इथून करा, चांगला टेलर शोधा आणि त्याला माया ठेवायला सांगा. बाकीचं सगळं त्याच्या मागून. मी गेली तीनेक वर्षं हे जमेल तसं करतेय, चुका पण भरपूर केल्यात, तर जे जमलं ते सांगते.

पहिले दोन महिने नवीन काही घ्यायचं नाही

हे सगळ्यात अवघड आणि फुकट. आधी कपाट बाहेर काढा, सगळं पलंगावर टाका, मोजा. मी मोजलं तेव्हा माझ्याकडे २३ कुर्ते निघाले आणि घालत होते सहा-सात. बाकीचे का घालत नाही ते एकेकाला हातात धरून विचारायचं, आणि उत्तरं बघा किती फालतू असतात, एकाचं बटण तुटलंय, एकाची बगल काचते, एकाची सलवार हरवली, एकाला अस्तर नाही म्हणून आतलं दिसतं. माझे २३ पैकी नऊ कुर्ते नुसत्या दुरुस्तीवाचून पडून होते. नऊ! एका पिशवीत भरून काकांकडे नेले, सगळ्यांचे मिळून साडेचारशे रुपये झाले, तेवढ्यात एक धड कुर्ता येत नाही आता.

काय घालतो नि काय नाही हे कळायला एक सोपी युक्ती. हँगरवाले लोक हँगर उलटा लावून ठेवा वगैरे सांगतात, पण आपल्या घरात घड्याच जास्त. तर धुऊन आलेला कपडा नेहमी चळतीच्या वर ठेवायचा आणि घालायला मात्र हवा तो घ्यायचा, मधून काढावा लागला तरी. पावसाळा सुरू होताना सुरू केलंत तर दसऱ्यापर्यंत जे तळाला गेलेलं असेल ते तुम्ही घालत नाही, एवढं साधं. थंडीचे कपडे यातून वगळा अर्थात, निफाडचा पारा खाली गेल्याची बातमी आली की आपल्याकडचे स्वेटर बाहेर येतात, त्यांचं वय असं मोजता येत नाही.

धुणं कमी करा, खरंच

कपडा घालून जेवढा झिजतो त्याहून जास्त धुऊन झिजतो, असं माझं मत आहे. मशीन आलं तसं आपण एकदा घातलं की टाकलं बकेटमध्ये. जीन्स चार-पाच वेळा घालून मग धुवा, रात्री गॅलरीत वाऱ्यावर टाका, पुरतं. कुर्त्याची फक्त बगल घामट होते, तेवढीच ओली करून साबण लावून चोळा. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवायचे, आपलं एप्रिल-मे महिन्याचं ऊन काळा रंग एका सीझनमध्ये राखाडी करतं. उलट हळदीचा डाग असेल तर हेच ऊन कामाला येतं, साबण लावल्यावर डाग लालभडक होतो त्याला घाबरायचं नाही, तसाच ओला उन्हात टाकायचा, दोन-तीन उन्हांत बराचसा जातो.

पॉलिस्टरचं वेगळं सांगते. पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिकच, धुताना त्याचे डोळ्याला न दिसणारे तंतू सुटतात, ते मोरीतून गटारात आणि पुढे आपल्या गोदावरीत, सगळे काही गाळले जात नाहीत. म्हणून काय घरातलं सगळं पॉलिस्टर फेकून द्यायचं? मुळीच नाही, ते तर अजून वाईट. आहे ते वापरा, फक्त गार पाण्यात धुवा, कमी वेळा धुवा, मशीन पूर्ण भरल्यावरच लावा. नवीन घेताना टाळा. बस.

रेशमाला रिठ्याचं पाणी, सुती साडीला भाताच्या पेजेची खळ, हे आईला विचारा, तिला माझ्यापेक्षा जास्त येतं. पावसाळ्यात कपाटाला बुरशीचा वास येतो तेव्हा डांबराच्या गोळ्यांच्या ऐवजी वेखंड आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. आणि पैठणी कधीही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, मलमलच्या किंवा जुन्या सुती धोतराच्या फडक्यात गुंडाळा आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला, नाहीतर जरीचं कापड घडीवरच चिरतं. माझ्या आईच्या शालूचं असंच झालं, घडीवर उभी चीर, रफू करणाऱ्याने पण हात टेकले.

टेलरशी मैत्री कशी करायची

कॉलेज रोड, गंगापूर रोडला बुटीकं भरपूर आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण दुरुस्तीचं काम नेलं की तोंड वाकडं करतात असा माझा अनुभव. दुरुस्तीला जुन्या नाशकातले, पंचवटीतले, नाहीतर तुमच्या सिडकोतल्या गल्लीत एक मशीन टाकून बसलेले काका-ताई बरे. पहिल्यांदा जाताना लहान काम न्या, साडीला फॉल-पिको किंवा पँटची उंची कमी करणं, हात बघा, मग मोठं काम द्या. आणि पैशाची घासाघीस करू नका हो. मॉलमध्ये दोन हजारांच्या टॉपला आपण हूं की चूं करत नाही आणि इथे साठ रुपयांचे पन्नास करा म्हणतो. हा माणूस दिवसभर मान मोडून बसलेला असतो, एथिकल फॅशन एथिकल फॅशन म्हणतात ना, म्हणजे कामगाराला न पिळता शिवलेले कपडे, त्यातला सगळ्यात जवळचा कामगार हाच आहे, ओळखीचा, नावानिशी.

नवीन शिवताना काय सांगायचं ते लिहूनच घ्या. बाजूच्या शिवणीला दोन्हीकडे कमीत कमी एक इंच माया. खाली दुमड दोन इंच, म्हणजे पुढे उंची सोडता येते, मुलांच्या कपड्यात तर तीन इंच सांगा, मुलं पावसाळ्यातल्या गवतासारखी वाढतात. बगलेला डबल टीप. उरलेलं कापड परत मागा, कधीच सोडून येऊ नका, त्याच कापडाचं ठिगळ पुढे लागतं आणि ते दिसत नाही. एक-दोन जास्तीची बटणं आत शिवून घ्या. सुती कापड असेल तर शिवायला द्यायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून द्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात कुर्ता आकसणार आणि तुम्ही टेलरला बोल लावणार. मी लावलाय, चूक माझी होती, नंतर पेढे घेऊन गेले.

कापड घ्यायला शालिमारपासून मेन रोड, दहीपूल करत कापडपेठेपर्यंत चालत जा, गाडी नका नेऊ, लावायला जागा मिळत नाही. ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड असेल तर साध्या कुर्त्याला अडीच मीटर पुरतं, उंच माणसाला पावणेतीन. तिथे दुकानदाराला "प्युअर कॉटन आहे का" विचारून उपयोग नाही, सगळे हो म्हणतात. कडेचे दोन-चार धागे मागून घरी आणा, मोरीजवळ चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागदासारखाच वास, राख मऊ. पॉलिस्टर वितळतं, गोळा होतो आणि गार झाल्यावर काळा कडक मणी हाताला लागतो. रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो. व्हिस्कोस, ज्याला रेयॉन पण म्हणतात, ते सुतीसारखंच जळतं, तिथे ही परीक्षा नापास, पण व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर पडतं, त्यामुळे घेतलं असेल तर पिळू नका. आणि ते बांबूचं म्हणून जे मऊ मऊ मिळतं ते बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं, बांबूच्या लगद्यापासून रसायनं वापरून काढलेलं, त्यामुळे बांबू वाचलं की लगेच हुरळून जायचं नाही.

घ्यायचंच असेल तर

मी स्वतःला एकच विचारते, हे मी तीस वेळा घालीन का. ३९९ ची कुर्ती चार धुण्यांत गेली तर एका वेळेचे शंभर रुपये पडले, १५०० ची तीस वेळा घातली तर पन्नास. स्वस्त काय ते तुम्हीच ठरवा. ऑनलाइन सेलमध्ये रात्री साडेअकराला मी अशाच तीन कुर्त्या मागवल्या होत्या, साइटचं नाव घेत नाही, त्यातल्या मरून कुर्तीने पहिल्याच धुण्यात नवऱ्याचे दोन पांढरे शर्ट गुलाबी केले, त्यातला एक तो अजून घरात घालतो, मुद्दाम, मी बघावं म्हणून.

एवढ्या स्वस्तात कसं परवडतं हा प्रश्न मात्र पडला पाहिजे. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साव्हारमध्ये राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली, त्यात कपडे शिवायचे कारखाने होते, अकराशेहून जास्त माणसं गेली, जास्त करून बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली आणि शिवणकाम करणाऱ्यांना मात्र कामावर यायला लावलं. मोठमोठ्या परदेशी ब्रँडचा माल तिथे शिवला जायचा. म्हणजे महाग ब्रँड घेतला की हात स्वच्छ असंही नाही. आणि ढाक्यापर्यंत जायलाच नको, आपल्याच जिल्ह्यात मालेगाव आहे, रात्री गल्लीतून गेलात तर यंत्रमागांची खटखट थांबत नाही, बारा-बारा तासांच्या पाळ्या, मजुरी विणलेल्या मीटरवर. ते कापड रंगायला बाहेर जातं आणि कुठल्या कुठल्या लेबलाखाली परत आपल्याच दुकानात येतं. मालेगावचं घेऊ नका असं मी म्हणत नाही, उलटच, पण मीटरमागे पाच रुपये वाचले म्हणून खूश होताना ते कोणाच्या खिशातून वाचले ते डोक्यात असू द्या.

पाण्याचंही तसंच. एका सुती टीशर्टमागे कापसाच्या शेतापासून धरलं तर साधारण २७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज सांगतात. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीने हिशोब करा, पावणेतीन टाक्या. उन्हाळ्यात येवला, नांदगाव, सिन्नरकडे टँकरच्या मागे हंडे घेऊन पळणारी माणसं आपण बघतो, आणि इकडे ग्रुप ट्रेकसाठी एका दिवसाचा टीशर्ट छापतो, कॉलेज फेस्टचा वेगळा, ऑफिसच्या मॅरेथॉनचा वेगळा. माझ्याकडे असे सहा होते. आता आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये मी टीशर्टचे पैसे देत नाही, सगळे चिकट म्हणतात, म्हणू देत.

पैठणी घ्यायची तर येवल्याला जाऊन घ्या

नाशिकहून येवला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. तिथे गल्ल्यांमध्ये घराघरात हातमाग आहेत, विणताना बघायला मिळतं, आणि एकदा बघितलंत की किंमत जास्त वाटेनाशी होते, कारण पदरावरचा मोर एकेक रंगाच्या छोट्या कांड्या हाताने फिरवत धागा धागा करून येतो, दिवसभरात बोट-दोन बोटं कापड पुढे सरकतं. साधी असेल तर महिना-दीड महिना, भरगच्च पदराची असेल तर कित्येक महिने.

ओळखायची कशी? पदर उलटा करा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत मोर, कमळ, मुनिया पुढून दिसतात तसेच मागून दिसतात, जवळजवळ सारखे. मागे सुटे धागे लोंबताना किंवा कापून टाकलेले दिसले तर ती यंत्रावरची, जिला सेमी पैठणी म्हणतात. सेमी घेणं पाप नाही, मी पण नेसते, पण सेमी हातमागाच्या भावात कोणी देत असेल तर उठून चालायला लागा. दोन-तीन हजारांत हातमागाची मिळते म्हणणारा तुम्हाला बनवतोय. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्कची लेबलं असतात, ती बघा, एक रेशमाची खात्री देतं आणि दुसरं हातमागाची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असलं म्हणजे दुसरं आलंच असं नाही. बिल मागा.

आणि घेतलीत तर नेसा की! लॉकरमधल्या पैठणीने कोणाचं भलं होत नाही. "अगं ही तर मागच्या लग्नात पण नेसली होतीस" म्हणणारी एक आत्या प्रत्येक घरात असते. मी म्हणते हो, आणि पुढच्या लग्नात पण हीच आहे. प्रत्येक साडीला मॅचिंग ब्लाऊज शिवणं बंद केलं, एक काळा, एक सोनेरी, एक राणी कलरचा, तिघांवर माझ्या अकरा साड्या निघतात. जावाजावांत, नणंदेत साड्या फिरवा, फक्त परत देताना धुऊन नाही, तर नुसता वारा देऊन इस्त्री करून द्या, भांडणं तिथेच होतात. पुरुषांनी शेरवानी विकत घेणं मला आजवर कळलेलं नाही, भाड्याने मिळते, एका दिवसाचं काम.

कपडा अगदीच गेला तर

इथे एक गैरसमज मोडायचाय. फाटके, डागाळलेले कपडे कुठल्या तरी आश्रमात नेऊन टाकले म्हणजे दान होत नाही, त्यांच्या डोक्याला ताप होतो. तुम्ही स्वतः घालाल असा, धुतलेला, बटणं असलेला कपडाच द्यायचा. आधी फोन करून विचारा काय हवंय, बहुतेक ठिकाणी स्वेटर, चादरी, मुलांचे कपडे लागतात आणि आपण नेतो पार्टीवेअर. गूंज ही संस्था १९९९ पासून हेच काम पद्धतशीर करते, जुने कपडे गोळा करून, निवडून, दुरुस्त करून गरजेच्या ठिकाणी पाठवते.

मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी. आमच्या भागात एक मावशी शिवून देतात, मागच्या वर्षी एका गोधडीचे मी ७०० रुपये दिले, पाच साड्या दिल्या होत्या, वरखाली दोन चांगल्या आणि आत तीन विरलेल्या. आत सिंथेटिक साडी घालू नका, सरकते, गोळा होते आणि झोपताना गरम होतं. मावशींचा धावदोरा इतका बारीक नि सरळ की मशीन लाजेल. घरात बाळ येणार असेल तर सगळ्यात जुन्या साडीची दुपटी आणि झबली, नव्या कापडाने बाळाला टोचतं. मुलांच्या गणवेशांसाठी सोसायटीच्या ग्रुपवर मे महिन्यातच मेसेज टाका, जूनमध्ये टाकलात तर उशीर झालेला असतो, सगळ्यांनी घेऊन टाकलेले असतात.

हाताने विणलेला स्वेटर आखूड झाला तर उसवा, लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, कोमट पाण्यात भिजवून टांगली की वळ्या जातात आणि परत विणायला तयार. जुने बनियन, टीशर्ट यांचे फडके घरात लागून उरले तर सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत मशीन पुसायला होजिअरीच्या चिंध्या लागतातच, ओळखीचं कोणी तिथे असेल तर विचारा, माझा भाऊ दर दोन महिन्यांनी एक पोतं नेतो. आणि दारावर बोहारीण आली तर तिला हाकलू नका, ती जुन्या कपड्यांवर भांडं देते, ते कपडे निवडून, शिवून परत बाजारात जातात, मी गेल्या वेळी दोन पँटी आणि एका साडीवर स्टीलचा डबा घेतला, सासूबाई म्हणाल्या फसवलं तुला, तीन कपड्यांत दोन डबे आले असते. असेल. घंटागाडीत टाकलेला कपडा मात्र थेट पाथर्डीच्या खत प्रकल्पावर जातो, आणि पॉलिस्टरचं खत होत नाही.

आता दुरुस्तीची पिशवी भरायला घेतलीच असेल तर एक लक्षात ठेवा, नवरात्र बसायच्या आधी टेलरकडे पोचवा. दसऱ्यानंतर आमचे काका दिवाळीचं पुरे म्हणून पाटी लावतात, मग तुम्ही कितीही जुनं गिऱ्हाईक असा, तुळशीच्या लग्नापर्यंत बटण पण लावून मिळत नाही.